दुपारची तपासणी

"दांडा दाब!" मी पाण्याच्या टाकीवरून ओरडलो.

"दाबलाय!" केबिनच्या खिडकीतून पहारेकरी सहदेव ओरडला. "फिरतोय का?"

फिरत नव्हता. कान लावला तर पाळतीच्या कॅमेऱ्याखालची मोटर नुसती घुमत होती. मुलुंडच्या या तांब्याच्या तारांच्या कारखान्यात संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आवारातले आठ मोठे दिवे नुकतेच लागले होते. मी मोटरच्या तारांना मीटर लावला. काटा चोवीस व्होल्टवर हवा होता, तो पंधरावर येऊन बसला.

"आता दिवे बंद कर!"

दिवे गेले. काटा चढला आणि कॅमेरा मुकाट्याने मागच्या भिंतीकडे वळला. पुन्हा दिवे लावले, पुन्हा तो अडला. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं. खोट निघाली नाही तर बरं, असं यंत्राच्या बाबतीत मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

खोट माझीच होती. दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, कॅमेरा मीच बसवला. त्याला वीज ऑफिसच्या बोर्डावरून वेगळी आणायची होती. पण शनिवार होता, वायर चाळीस फूट कमी पडत होती आणि मला बोरिवलीला घरी जायची घाई होती. केबिनमधून आवारातल्या दिव्यांची लाइन जात होती, तिच्यावरच मी जोडणी करून टाकली. दिवसा सगळं झकास चाललं. दिवे लागले की ते सगळा जोर खाणार आणि लांबवरच्या मोटरला उष्टं-पाष्टं मिळणार, हे आमच्या धंद्यातल्या कच्च्या माणसालाही कळतं. मी तर पक्का होतो. कॅमेरे बसवणाऱ्या आमच्या कंपनीत मला 'डॉक्टर' म्हणत.

सहदेवच्या आधी त्या केबिनमध्ये धोंडू मेस्त्री होता. मालवणकडचा, पन्नाशीचा, हडकुळा माणूस. त्याने तक्रारवहीत तीन वेळा लिहिलं होतं, 'कॅमेरा फिरत नाही.' तिन्ही वेळा मी आलो, तो दुपारी. दांडा दाबला, कॅमेरा गरगर फिरला. तिसऱ्या खेपेला धोंडू अजिजीने म्हणाला होता, "साहेब, एकदा सांजचे येवा. दिवे लागले की तो हलूचा नाव घेणा नाय."

माझी ड्युटी साडेपाचला संपायची. मी हसून म्हटलं, "मामा, दांडा दाबायला आधी डोळे उघडे लागतात."

सिक्युरिटी ऑफिसर देवस्थळी साहेब शेजारीच उभे होते. ते हसले म्हणून शिपाईही हसले. धोंडूही हसला. मला विनोद साधल्याचा आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. त्या भरात मी कागदावर लिहिलं, 'यंत्र ठीक. हाताळणीत चूक.' खाली झोकात सही ठोकली.

पंधरा दिवसांनी मागच्या भिंतीवरून तांब्याच्या तारेची अकरा रिळं गेली. संध्याकाळी सुटणाऱ्या कामगारांसाठी फाटकाकडे वळवलेला कॅमेरा फाटकाकडेच बघत राहिला. चौकशीत धोंडूने काय सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. माझा कागद पुढे आला आणि त्याला काढून टाकलं, एवढं कानावर आलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हातारा झोपला असेल, त्याला मी काय करणार, असं म्हणून मी डबा खाल्ला होता.

आठ महिन्यांनी सहदेवने तीच तक्रार केली. हा पोरगेला, घाटकोपरचा, तोंडाने फटकळ. फोनवरच म्हणाला, "दुपारी यायचं असेल तर येऊच नका. सातला या, नायतर मी तुमच्या साहेबाला फोन लावतो." त्याच्या फटकळपणाला मी घाबरलो. धोंडूच्या अजिजीला घाबरायचं कारण नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मी खाली उतरलो. 

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बोर्डावरून नवी वायर ओढली, संध्याकाळपर्यंत थांबलो, दिव्यांच्या उजेडात कॅमेरा फिरवून बघितला. मग कागद लिहिला. जोडणी माझी, चूक माझी, धोंडू मेस्त्रीची तक्रार खरी होती, सगळं लिहिलं.

देवस्थळी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "दत्ताराम, वेड लागलंय का तुला? दुरुस्त झालं ना? तेवढंच लिही."

"साहेब, त्या माणसाची नोकरी गेली."

"आणि तुझी जायला हवीय? ती फाइल बंद झालीय. शिवाय त्याने स्वतः कबूल केलं होतं."

"काय कबूल केलं?"

"झोप लागली म्हणून. सही आहे त्याची."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. एका माणसाच्या कबुलीने आपल्याला हायसं वाटावं, याची नंतर इतकी लाज वाटली की त्या कागदावर कारखान्याचा शिक्का मिळत नाही म्हटल्यावर मी वादही घातला नाही. कार्बनखालची प्रत घडी करून खिशात घातली. सहदेवने इकडेतिकडे विचारून धोंडूचा पत्ता काढून दिला.

रविवारी सकाळी असल्फ्याची टेकडी चढलो. धोंडू दारातच बनियनवर बसून स्टोव्हची पिन शोधत होता. मला बघून धडपडत उठला. "साहेब! तुमी? सुगंधा, चाय ठेव गो."

हा माणूस मला शिव्या देईल, अशी मी वाटेत तयारी केली होती. चहाची केली नव्हती. तो सध्या देवनारला गुरांच्या गोठ्यात पाणी मारायला जात होता. पाळी दिवसाची मागून घेतली होती.

"रातची नको म्हटलंय," तो म्हणाला. "माझो आता भरवसो नाय."

"मामा, तुम्ही झोपला होतात?"

धोंडू खाली बघत राहिला. "माका तर दांडो दाबल्याचा याद होता. पण साहेब म्हणाले, यंत्र ठीक आसा. तुमच्यासारख्यान लिवन दिलेला. मगे माका वाटला, माझोच डोळो लागलो आसतलो. गावाक जावन रवळनाथाम्होरं नारळ ठेवलंय. गाऱ्हाणा घातलंय, अन्नाशी बेइमानी झाली, माफी कर म्हणान."

माझ्या चुकीचा नारळ त्याने ठेवला होता.  मी खिशातला कागद काढला, पण तो वाचता येईना, तेव्हा तोंडानेच सांगून टाकलं. कॅमेरा खरोखरच फिरत नव्हता. वीज मी चुकीच्या ठिकाणावरून घेतली होती. तुम्ही संध्याकाळी या म्हणालात आणि मी आलो नाही. "या कागदावर शिक्का नाही, मामा. याने नोकरी परत मिळायची नाही. मला माफ करा, असंही कुठल्या तोंडाने म्हणू?"

धोंडूने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी जागोच होतंय?"

"जागेच होतात."

"दांडो दाबलेलंय?"

"दाबला होतात."

आत स्टोव्ह फरफरत होता. सुगंधाबाई पाठमोऱ्या होत्या, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. शेजारच्या दारात दोन बायका तांदूळ निवडत होत्या. धोंडूने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नोकरीचा रवांदे," तो म्हणाला. "सुगंधा, स्टोव्ह बंद कर आनि भायर ये. साहेब, ह्या परत एकदा सांगा. जरा मोठ्यान."

मी तोंड उघडलं तसा त्याने हात वर केला. "थांबा."

तो आत गेला. खुंटीवरचा धुवट शर्ट काढून अंगात घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि बायकोच्या शेजारी येऊन ताठ उभा राहिला.

"हां," तो म्हणाला. "आता सांगा."

मीही उभा राहिलो आणि त्या शनिवारपासून सगळं सांगायला लागलो.