कानवालीचं यंत्र

कानवालीने चाक खुंटीला लटकवलं, लाकडी हातोडीने कडेला हलकेच ठोकलं आणि मान तिरकी करून ऐकलं. टण्ण! नाद लांबत गेला आणि विरला. तिने खडूने चाकावर बरोबरची खूण केली. शेजारच्या टेबलावरच्या यंत्राने तोच नाद आपल्या माइकमधून ऐकला होता. त्याचा दिवा हिरवा झाला.

"चारशे बारापैकी चारशे बारा!" यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीने टाळी वाजवली. "मावशी, हे यंत्र म्हणजे हुबेहूब तुम्हीच."

"मग त्यालाही चार वाजता चहा लागणार. सांगून ठेव कॅन्टीनला."

मुलगी हसत हसत कागद आणायला ऑफिसकडे पळाली.

कारखाना ग्राइंडिंगच्या चाकांचा. लोखंड घासायची, पात्यांना धार लावायची दगडी चाकं इथे भाजून तयार होत. चाकाच्या पोटात चीर असली तर ती बाहेरून दिसत नाही आणि तसलं चाक मशीनवर चढलं, मिनिटाला हजारो वेळा गरगरलं, की फुटून समोरच्याच्या तोंडावर येतं. म्हणून एकूण एक चाक ठोकून बघायचं. धडधाकट चाक घुमतं, तडकलेलं बद्द वाजतं, एवढं कुणालाही कळेल. पण केसाएवढी चीर मोठी लबाड! ती सुरुवातीला चांगली घुमते आणि नाद संपता संपता बारीकशी किरकिरते. ती किरकिर हिने एकतीस वर्षं पकडली, म्हणून तर सगळा कारखाना तिला कानवाली म्हणायचा. तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे.

दसऱ्याला यंत्र आलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं होतं. "हे डबडं माझ्या पोटावर पाय देणार," म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. पण साहेबांनी सांगितलं, यंत्राला काहीच येत नाही, तुम्ही शिकवाल तेवढंच ते शिकणार. तुम्ही पास म्हणाल ते पास, नापास म्हणाल ते नापास. झालं, बाई विरघळली. तीन महिने तिने त्याला लेकरासारखं शिकवलं. सकाळी आल्या आल्या पदराने त्याची काच पुसायची. सोमवारपासून ते एकट्याने काम करणार होतं, आणि त्याचं शिक्षण कंपनीच्या आणखी चार कारखान्यांतल्या यंत्रांत भरलं जाणार होतं. म्हणजे आपण रिटायर झालो तरी आपला कान पाच ठिकाणी नोकरीला राहणार, या विचाराने तिला रात्री झोपेतही हसू येई.

"जाऊबाई, हे जरा परत वाजवा."

पॅकिंगमधून तिची धाकटी जाऊ पोटाशी एक चाक धरून आली होती. दोघी घरात एका स्वयंपाकघरात आणि इथे एका शेडमध्ये. मिठाच्या बरणीपासून खिडकीच्या कडीपर्यंत त्यांचं कशावरूनही वाजायचं.

"का? आता तूही कान लावायला लागलीस?"

"खोक्यात ठेवताना हातातली कात्री लागली. शेवटी किरकिरलं."

कानवालीने चाक लटकवलं, ठोकलं, ऐकलं. स्वच्छ! यंत्राचा दिवा हिरवा.

"झालं समाधान?"

"परत ठोका."

जावेचा आवाज नेहमीसारखा भांडायचा नव्हता. कानवालीने परत ठोकलं. नाद घुमला, बारीक झाला, संपला. तो संपल्यावर, शेड अगदी गप्प झाल्यावर, जावेने बोट वर केलं.

"हे बघा. आत्ता. ऐकू येतंय ना?"

कानवालीला काहीच ऐकू येत नव्हतं. जावेचं बोट मात्र अजून वरच होतं. मग ते सावकाश खाली आलं.

कानवालीने चाक खुंटीवरून ओढून काढलं, लोखंडी ओट्याच्या कडेवर आपटलं आणि एक तुकडा उजेडात धरला. ताजी फुटलेली बाजू पांढरी, चकचकीत असते. ही बाजूही तशीच होती, पण मधल्या भोकाजवळची चार बोटं सोडून. तिथे जुन्या चिरेचा काळपट डाग पसरला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आधी मला वाटलं, माझेच कान वाजतायत. तुमचा कान चुकतो हे म्हणायला जीभ रेटेना हो." जाऊ पदराशी चाळा करत राहिली. "सापडली तेवढी मी मागच्या मागे फोडून टाकली. सतरा झाली. हे अठरावं."

"सापडली तेवढी?"

"सगळ्यांना थोडीच कात्री लागते माझी?"

कानवाली स्टुलावर बसली. नवरा तोंडातल्या तोंडात बोलतो म्हणून ती वर्षभर त्याच्याशी भांडत आली होती. बिचारा हल्ली तिच्याशी ओरडूनच बोलायचा आणि ती म्हणायची, अंगावर काय येता! तिला रडूच आलं. न सापडलेली चाकं केव्हाच खोक्यांत बसून गावोगाव गेली होती. कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये कुणी तरी माणूस आत्ता त्यांतलंच एक मशीनवर चढवत असेल, चाकावरची तिची खडूची खूण बघून बिनघोर.

"डोळे पुसा. ती मुलगी येईल," जाऊ हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नका. दीड वर्ष तर राहिलंय तुमचं. मी आहे ना पॅकिंगला. यापुढे एकेक ठोकून घेईन."

"आणि बाकीच्या चार कारखान्यांत?"

जाऊ खाली पडलेले तुकडे गोळा करू लागली.

"तिथे कोण, तू जाणारेस?"

इंजिनिअर मुलगी पेन आणि कागद घेऊन आली. "मावशी, इथे एक सही. साहेब म्हणाले, तुमची सही झाली की आजच सगळीकडे पाठवतो." मग तिला फुटलेलं चाक दिसलं. "अगं बाई! हे नापास निघालं? यंत्राने काय दाखवलं होतं?"

"पास."

"आणि तुम्ही?"

जावेने कानवालीचं मनगट घट्ट धरलं. कानवालीने ते हळूच सोडवलं.

"मीही पास म्हटलं. आमचं दोघांचं कधीच वेगळं आलं नाही गं."

मुलगी आधी हसली. मग तिने तुकडा हातात घेतला, काळ्या डागावरून बोट फिरवलं आणि यंत्राकडे पाहिलं. हातातला कागद तिने घडी घालून खिशात ठेवला.

"मावशी, घाबरू नका. मी साहेबांना सांगते, यंत्र शिकण्यात काही तरी गडबड झाली. यंत्र आल्यापासून जी चाकं बाहेर गेली, त्या तीन महिन्यांची यादी काढते आणि परत मागवते."

तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही, असंच तिला म्हणायचं होतं. जावेने सुटकेचा श्वास टाकला. कानवालीने हातोडी टेबलावर ठेवली आणि पदराने दोन्ही हातांचा खडू पुसला.

"तीन महिन्यांची नको," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासूनची काढ."