नगरसभा फावडी घेऊन आली

वीस वर्षांपूर्वी, ख्रिस्ताचे नाव घेणे गुन्हा असताना, ज्याच्या हुकमाने बिशप आउक्सानोनच्या पाठीवर वेत बसले होते, तो नगरसभासद दिओगास आज आउक्सानोनच्याच लोकरीच्या दुकानात मान खाली घालून उभा होता.

"बाबा, मला पाद्री करून घ्या."

"ही ओढ कधीपासून?"

"मंगळवारपासून."

मंगळवारीच सम्राटाचा आदेश चौकात वाचला गेला होता: ख्रिस्ती धर्मसेवकांना नगरसभेच्या कामांतून सूट. गावचे स्नानगृह हिवाळाभर तापते ठेवणे सभासदांच्या गळ्यात असे, लाकूडही पदरचेच.

कोपऱ्यात लोकर निवडणारी म्हातारी ताटिया म्हणाली, "त्या दिवशी वेत कोण मोजत होतं, ते विचारा की."

"मी नुसता मोजत होतो, ताटियाबाई."

"दोनदा चुकलात. दोन्ही वेळा पहिल्यापासून मोजलंत."

आउक्सानोनला हसू आले, आणि लगेच मन उदास झाले. छळाच्या दिवसांत त्याची मंडळी मूठभर होती. पण जो येई, तो जिवावर उदार होऊन येई. आता आपले लहानसे प्रार्थनाघर सरकारी कचेरी होऊन बसेल, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. नकार द्यावा, तर क्षमेची स्वतःचीच प्रवचने आडवी येत.

"खालच्या पायरीपासून चढा," तो अखेर म्हणाला. "कबरी खोदणाराही धर्मसेवकच. उद्या फावडं घेऊन या."

इतक्या मऊ हातांचा माणूस परतणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दिओगास आला. मागोमाग नगरसभेचे उरलेले नऊ सभासदही आले, प्रत्येकाच्या खांद्यावर कोरे फावडे. दुपारपर्यंत दहा कबरी खोदून झाल्या. दिलेला शब्द फिरवता येईना; आउक्सानोनने दहाही जणांची नावे धर्मसेवकांत घातली.

"खड्डे झाले," ताटिया म्हणाली. "आता मरायला कुणाला सांगायचं?"

आठवड्याने सुभेदाराचा कारकून आला आणि त्याने स्नानगृहाची किल्ली आउक्सानोनपुढे ठेवली.

"नगरसभेत कुणी उरलं नाही. गावातली मोठी माणसं सगळी तुमच्या हाताखाली. तेव्हा गाव आता तुम्हीच बघा. गुरुवारी सुभेदारसाहेब स्नानाला येताहेत."

"मी लोकर विंचरणारा माणूस, साहेब. मला यातलं काय कळतं?"

"त्यांना तरी कुठं कळत होतं?"

आउक्सानोन स्नानगृहाच्या थंडगार भट्टीसमोर उभा राहिला. त्याने दहाही जणांना बोलावून घेतले होते.

"लाकडं आणा," तो म्हणाला.

दिओगासने अतिशय नम्रपणे मान लववली. "आणली असती, बाबा. पण आम्हाला सूट आहे."

आउक्सानोनने बाह्या सरसावल्या आणि पहिला ओंडका उचलला.