पहाटे चारचा फोन

सर्व्हरच्या लॉगमधले पहाटेचे चार खरे ठरले, तर पृथ्वीराजची नोकरी पक्की होणार होती. खोटे ठरले तर त्याच्या कंपनीचं पुराचा इशारा देण्याचं कंत्राट जाणार होतं. समोर उभा कोण? कृष्णात. तो तर पुरात गेलेला. इतका गरीब प्रतिवादी मिळायला नशीब लागतं.

कृष्णात शिरोळकडच्या एका मोठ्या गोठ्याचा राखणदार. नदी फुगली की सर्व्हरनं पहाटे चारला आपोआप फोन करायचा आणि कृष्णातनं जनावरं सोडायची, अशी व्यवस्था. त्या दिवशी सातला पाणी शिरलं. दावी सोडता सोडता तो वाहून गेला. लॉगमध्ये नोंद होती, फोन चारला गेला. म्हणजे गडी झोपला.

कृष्णातचा साधा फोन तुळईला टांगलेला, म्हणून वाचला. तो पुरावा म्हणून ताब्यात घ्यायला पृथ्वीराज कोल्हापुरातून सकाळीच आला. नदी अजून फुगलेलीच होती.

"बसा पावणं," कृष्णातची बायको तानाबाई म्हणाली. "साडेनऊ होऊ द्यात. मग न्या फोन."

"साडेनऊला काय आहे, मावशी?"

"तुमची बाई येती की."

अंगणात ऊन भरलं होतं. फोन वाजला. तानाबाईनं आवाज मोठा केला. एक गोड, निवांत बाई बोलली, "पहाटेचे चार वाजले आहेत. पाणी वाढत आहे. जनावरं सोडा."

"नेटवर्क, मावशी. उशीर होतो."

"रोज? आन् बरूबर ह्याच टायमाला?" तिनं उन्हाकडं बोट केलं. "मालक सातला गेलं. ही बया साडेनऊला उठवाय येती. एवढंच लिवा, मालक झोपलं न्हवतं."

पृथ्वीराजला तिथंच उमगलं. भाड्याचा सर्व्हर परदेशी वेळेवर चालत होता, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तो फोन त्याच्या चारला करी आणि लॉगमध्येही त्याचेच चार लिही. फोन आणि लॉग, दोघांची साक्ष जुळणारच.

ऑफिसात त्यानं एक ओळ बदलून घड्याळ भारताच्या वेळेवर आणलं. अहवालात मात्र लिहिलं, 'राखणदाराचा निष्काळजीपणा.' फोन त्यानं तानाबाईकडंच ठेवला होता, हातात धरवेना.

नोकरी पक्की झाली. साडेनऊला ऑफिसात कुणाचाही फोन वाजला, की तो आधी खिडकीतलं ऊन बघतो.

आता नदी फुगली की बाई अगदी वेळेवर बोलते. तानाबाई उठते, रिकाम्या गोठ्यात जाते आणि खुंट्यांची दावी एकेक करून सोडते.

चूक कंपनीची. तिनं भरपाईचं काहीच भरलं नाही. कृष्णातनं जीव भरला, वर चांगलं नावही. राहिलेलं तानाबाई भरतेय, पहाटे चारला.