तक्रारी : निरंक

मी समुद्रकिनाऱ्यावरची एक जुनी, बसकी इमारत आहे. कागदोपत्री मला ‘सार्वजनिक स्वच्छतागृह’ म्हणतात. लोक काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुम्हीही कधीतरी वाळूने भरलेले पाय घेऊन, दात आवळून माझ्याकडे धावत आला असाल. त्या क्षणी माझ्याहून सुंदर वास्तू तुम्हाला जगात दिसली नसेल. बाहेर पडल्यावर मात्र तुम्ही मागे वळूनही पाहिले नाही. गरज सरो, वैद्य मरो. त्याचा मला राग नाही.

माझी गोष्ट मी जन्मापासून सांगत नाही. एका साध्या दिवसापासून सांगते.

त्या दिवशी काहीच झाले नाही. माझी साफसफाई करणाऱ्या मावशी सकाळी सहाला आल्या. चपला बाहेर काढून त्यांनी रबरी बूट चढवले. आधी बायकांची बाजू, मग पुरुषांची. आधी कोरडा झाडू, मग पाणी. कारण वाळूवर आधी पाणी ओतले की ती नळीत जाऊन बसते. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. बावीस वर्षांत माझ्या तुंबलेल्या नळ्यांनीच शिकवले होते. नऊच्या सुमारास किनाऱ्यावरचा जीवरक्षक हात धुवायला आला. त्याच्या गळ्यात सतत शिट्टी असे, म्हणून त्याचे नावच ‘शिट्टी’ पडले होते.

“मावशी, उद्या पाहुणे येणार म्हणे तुमच्याकडे. बाटल्या घेऊन.”

“येऊ देत की. माझ्याकडे आलेला कुणी रिकामा झाल्याशिवाय परत गेलाय का आजवर?”

शिट्टी खो खो हसला. मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी त्याच्या पायांखालची वाळू पुन्हा झाडली.

पाहुणे म्हणजे बाटल्यांत पाण्याचे नमुने घेणारी तपासणीची माणसे. नगरपालिकेने माझे नूतनीकरण करायचे ठरवले होते. समुद्राकाठी काही बांधायचे किंवा खोदायचे असेल तर आधी पर्यावरणाचा आढावा घ्यावा लागतो. पाणी, वाळू, पक्षी, खेकडे, वाळूवर पसरलेली मर्यादवेल, कुणाला काय इजा होईल ते पाहावे लागते. मावशींना याचा फार आनंद झाला होता. आता तरी कुणीतरी माझ्या खाली डोकावेल, असे त्यांना वाटत होते.

माझ्या खाली मैल्याची टाकी आहे. मला बांधले तेव्हा समुद्र लांब होता. चाळीस वर्षांत तो वाळू खात खात माझ्या मागच्या भिंतीपर्यंत आला. आता अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला टाकीच्या भेगांतून खारे पाणी आत शिरते, आणि ओहोटीला आतले सगळे घेऊन बाहेर जाते. ज्या पाण्यात तुम्ही डुंबता, मित्रांनो, त्याच पाण्यात. मावशी उधाणाच्या दिवशी टाकीचे झाकण सरकवून आत बांबू घालून बघत. पाणी बांबूवरच्या खुणेच्या वर आले असेल तर शेवटच्या दोन खोल्यांना कुलूप लावत, म्हणजे घाण उलटी वर यायला नको. ते झाकण सिमेंटचे होते. एकदा कुणाची तरी गाडी मागे घेताना त्यावर चढली आणि ते आडवे चिरले. मावशींनी त्यावर एक फळी टाकून ठेवली होती.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे आणि मला दोन्हीकडचे ऐकू येई.

“अगं, त्या अर्जाचं काय झालं? दोन महिने होत आले.”

“कळवतील, आई. सगळं नियमाने होतं. वेळ लागतो.”

“उद्या ती माणसं येणारेत. त्यांना सांगू ना, अर्ज दिलाय म्हणून?”

मुलगी म्हणाली, “सांग. आई, मला काम आहे, ठेवते.”

“बरं, ठेव. जेवलीस का?”

फोन तोवर बंद झाला होता. मावशींनी तो पदराला पुसून पिशवीत टाकला, माझे कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि त्या घरी गेल्या. तो शेवटचा साधा दिवस.

आता थोडे मागचे सांगते. माझ्या उद्घाटनाला फीत होती, भाषण होते. मोठ्या माणसांनी फीत कापली, पण आत जायला कुणी तयार होईना. शेवटी त्यांनी हात तेवढे धुतले आणि टाळ्या झाल्या. पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. मग दारे गंजली, आरसा फुटला, माझ्या भिंतींवर नको ते मजकूर उमटले. माणसे यायची, नाक दाबायची आणि जायची. माझी म्हणावी अशी एकच व्यक्ती होती.

मावशी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दहा वर्षांची मुलगी होती. शाळा सुटली की ती माझ्या दाराशी स्टुलावर बसून गणिते करी. पाढे म्हणताना तिचा आवाज माझ्या पोकळ खोल्यांत घुमायचा आणि तिला ते आवडायचे. चौदाव्या वर्षी तिने येणे बंद केले. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिला इथे पाहिले होते. मावशींनी स्टूल मात्र तिथेच ठेवले.

मुलगी शिकली. नगरपालिकेच्या बांधकाम कचेरीत नोकरीला लागली. आवक टेबल तिच्याकडे होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी तिच्या हातात येई. ती त्यावर शिक्का मारी, क्रमांक टाकी, वहीत नोंद करी. ज्या कागदाला आवक क्रमांक नाही, तो कचेरीच्या लेखी जन्मालाच आलेला नाही.

एकदा त्या कचेरीतली मंडळी किनाऱ्यावर फिरायला आली. तीही होती. चार मैत्रिणींबरोबर ती माझ्या दाराशी आली आणि आत बादली घेऊन वाकलेल्या बाईला म्हणाली, “मावशी, पाणी आहे का?”

मावशी वळल्या. पापणीसुद्धा न लववता म्हणाल्या, “आहे ताई. जपून या, फरशी ओली आहे.”

मित्रांनो, भिंतींना कान असतात म्हणतात. तोंड नसते, हे त्या दिवशी मला फार लागले.

मावशींना लिहिता येत नव्हते. टाकीचा अर्ज त्यांनी मुलीला घरी सांगितला आणि तिने लिहून घेतला. पुढे कित्येक दिवस त्या माझी फरशी घासताना तो पुटपुटत, म्हणून मला तो पाठ आहे. ‘झाकण चिरले आहे. उधाणाला समुद्र आत येतो. एखाद दिवशी कुणीतरी आत जाईल. झाकण बदला आणि टाकी इथून हलवा.’ खाली अंगठा आणि पूर्ण नाव.

“तुझ्याच टेबलावर जातो ना अर्ज?” मावशी म्हणाल्या होत्या. “मग मला हेलपाटा कशाला? तूच दे.”

त्या साध्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. तपासणीची माणसे अकराला येणार होती आणि भरतीही त्याच सुमारास होती. आयता योग होता. माणसे येतील तेव्हा पाणी किती चढले ते दाखवता यावे, म्हणून मावशींनी अकराला दहा मिनिटे असताना फळी काढली. आजवर त्या बाजूला उभ्या राहून झाकण सरकवत. त्या दिवशी घाई होती. त्यांचा एक पाय झाकणावर पडला.

आवाज फार मोठा झाला नाही. चिरलेला अर्धा भाग आत गेला आणि त्याबरोबर त्या गेल्या. शिट्टी धावत आला. त्याने समुद्रातून कितीतरी माणसे ओढून काढली होती, पण या टाकीतल्या वायूसाठी त्याच्याकडे दोरीशिवाय काही नव्हते. तो आत उतरू लागला तेव्हा दोघांनी त्याला धरून ठेवले. तो त्यांना शिव्या देत होता आणि रडत होता. अग्निशमन दलाची गाडी चाळीस मिनिटांनी आली. तपासणीची माणसे बाटल्या घेऊन वाळूत उभी होती. त्या दिवशी त्यांनी पाण्याचा नमुना घेतला नाही.

मावशी ठेकेदाराच्या माणसांत मोडत होत्या, म्हणून कचेरीच्या कागदांत त्यांचे नाव कुठेच नव्हते. मृतदेह ताब्यात घेतानाच्या कागदांवर त्यांच्या भावाने सह्या केल्या. मुलीने कचेरीत चार दिवसांची रजा टाकली. कारण लिहिले, ‘नात्यातील मृत्यू’.

तीन महिन्यांनी आढाव्याचा अहवाल आला. तो लोकांनी वाचावा म्हणून माझ्याच भिंतीवर चिकटवला. नव्या फरशा, नवी दारे, पक्ष्यांना त्रास होणार नाही असे मंद दिवे. पुढे असे लिहिले होते : ‘टाकी हलवण्यासाठी खोदकाम केल्यास मर्यादवेल व खेकड्यांची बिळे नष्ट होतील. सबब आहे ती टाकी कायम ठेवावी. टाकीबाबत आलेल्या तक्रारी : निरंक. झालेला अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे.’

खेकड्यांचा यात काय दोष? त्यांची बिळे कुणीतरी मोजली, हे चांगलेच झाले.

एका दुपारी मुलगी तो अहवाल वाचायला आली. कचेरीत तिने तो आधीच वाचला असणार, तरी आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मावशींच्या जागी आलेली नवी बाई तिला म्हणाली, “ताई, आत जायचंय का? शेवटच्या दोन सोडून कुठेही जा. आज पाणी वर येईल.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“झाकण उचलून बघते ना. आधीच्या मावशी बघायच्या तसं. आता पत्र्याचं टाकलंय, हलकं आहे.”

“नका उघडू ते.”

“मग काय करू? घाण वर आली की लोक माझा उद्धार करतात.”

“तक्रार करा ना. अर्ज द्या.”

नवी बाई ओशाळून हसली. “लिहिता येत नाही हो. तुम्ही द्याल का लिहून?”

मुलगी तिसऱ्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि हळू आवाजात वाचला. मला पाठ होता तोच. कोपऱ्यात शिक्का नव्हता, क्रमांक नव्हता.

“खणात होता,” ती माझ्या भिंतीला म्हणाली. “सगळा वेळ खणात होता. नाव वाचून कुणी विचारलं असतं, ही तुमची कोण...” नळ चालू करून ती रडली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. असे नळ चालू ठेवून रडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पाणी बंद झाले की त्यांचे चेहरे कोरडे असतात. हिचा नव्हता.

अहवालावरची जनसुनावणी माझ्यासमोरच, मांडवाखाली झाली. पंचवीस-तीस माणसे होती. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा आरसा मागत होते. एका बाईंना पाय धुवायला वेगळा नळ हवा होता. कचेरीचे साहेब मध्ये बसले होते आणि बाजूला इतिवृत्त लिहायला मुलगी.

शिट्टी उभा राहिला. “मावशी निष्काळजी नव्हत्या, साहेब. झाकण चिरलंय म्हणून त्या सगळ्यांना सांगत होत्या.”

“तोंडी सांगून काय उपयोग?” साहेब म्हणाले. “लेखी काही आहे का?”

अहवाल लिहिणाऱ्या तपासणीच्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी स्वतः विचारलं होतं. एक जरी तक्रार नोंदलेली असती, तरी टाकी हलवा असं मला लिहिता आलं असतं. आवक वहीत काही नाही.”

“झालं तर मग,” साहेब मुलीकडे न बघता म्हणाले. “लिहा. हरकती निरंक.”

मित्रांनो, मला नव्या फरशा नकोत असे नाही. कुणाला नको असतात? पण तुम्ही जिथे जाल तिथे फरशीखाली काय आहे आणि तिथे रोज कुणाचा हात जातो, एवढे एकदा विचारा. त्या माणसाला नाव असते. ते लिहून ठेवा. माझे मागणे एवढेच आहे.

मुलीने पेन खाली ठेवले.

“काय झालं? बरं वाटत नाही का?” साहेबांनी विचारले.

ती उभी राहिली. “साहेब, तक्रार आलेली आहे.”

“कुठे आहे? क्रमांक काय?”

“क्रमांक नाही. क्रमांक टाकायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.” तिने कागद टेबलावर ठेवला. “अपघाताच्या दोन महिने आधीचा आहे. अक्षर माझंच आहे.”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? नोकरीवर येईल हे.”

“येऊ दे.”

तपासणीच्या बाईंनी कागद ओढून घेतला आणि वाचू लागल्या. साहेबांनी आवाज खाली आणला. “पण तुम्ही का दाबून ठेवलात? तुमचा काय संबंध त्या मावशीशी?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. उघड्या दाराकडे, आतल्या ओल्या फरशीकडे. मग ती बोलली, आणि शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली.

“ती माझी आई. इथले संडास धुऊन तिने मला वाढवलं, आणि ती माझी आई आहे हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही.”