पाणी घालायचं नाही विसरायचं

मी हायड्रेंजियाचा झुबका बोलतोय. वाळका झुबका. नाक मुरडू नका. हे वाळणं मला फुकट मिळालेलं नाही, त्यासाठी मला उलटं टांगून घ्यावं लागलं आहे.

माझा जन्म एका घराच्या मागच्या दाराशी झाला. मी निळा. कुंपणापलीकडची माझी भावंडं मात्र गुलाबी. माती बदलली की आमचा रंग बदलतो. माणसांना त्यासाठी मातीसुद्धा लागत नाही, हे मी त्या कुंपणावरच्या गप्पा ऐकून शिकलो.

झाड बाईंचं. बाई शिवण शिकवायच्या. त्यांचे यजमान चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. किराणा दुकानाच्या पाटीवरही लाल पेन्सिल चालवायचे, म्हणून गल्ली त्यांना दुरुस्तीकाका म्हणायची.

त्यांची लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती. बाराव्या मजल्यावर घर, बाल्कनी नाही. बाईंचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, की पोरीबरोबर आपल्या बागेतलं काहीतरी जावं.

"आई, रोप नको. मी निवडुंगसुद्धा मारलाय."

"निवडुंग कसा मरतो गं?"

"मलाही तेच कळलं नाही."

मग बाईंनी मला हेरलं. मरूच शकणार नाही असं फूल द्यायचं ठरलं. हंगाम सरेपर्यंत त्या थांबल्या. माझ्या पाकळ्या हाताला कागदासारख्या लागायला लागल्या, निळ्यावर हिरवट झाक आली, तेव्हा त्यांनी मला कापलं, पानं काढली आणि बरणीत दोन बोटं पाण्यात उभं केलं. हे पाणी आपोआप आटू द्यायचं असतं. म्हणजे फूल सावकाश वाळतं आणि रंग टिकतो.

नेमका त्याच दिवशी बाईंच्या बहिणीचा पाय मोडला. बाई घाईघाईने निघाल्या. जाता जाता बरणीवर चिठ्ठी चिकटवली: "पाणी घालायचं नाही विसरायचं".

काकांनी चष्मा लावला. "हिला स्वल्पविरामाचं वावडंच आहे," म्हणाले आणि लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली. "पाणी घालायचं, नाही विसरायचं."

आणि विसरले नाहीत हो! रोज सकाळी सातच्या ठोक्याला एक कप पाणी. मी वाळायला बसलेलो, आणि माझी रोज आंघोळ. देठ बुळबुळीत झाला. दहाव्या दिवशी वास सुटला, तर काकांना वाटलं मला तहान लागली आहे. दोन कप ओतले. मी ओरडणार तरी कसा? आमच्या पाकळ्या दिसतात त्यासुद्धा खऱ्या पाकळ्या नसतात, तिथे तोंड कुठून आणू?

बाराव्या दिवशी बाई परतल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तू लिहिलंस तेच केलं."

"मी लिहिलं होतं, घालायचं नाही! विसरायचं!"

"मग स्वल्पविराम कुठाय?"

"आहे की तुमचा! चुकीच्या जागी!"

काका मटकन खुर्चीत बसले. लेक नऊ दिवसांनी जाणार होती.

बाईंनी माझा सडका देठ छाटला आणि इस्त्रीच्या खोलीत पँटच्या हँगरला मला उलटं टांगलं. काका दर तासाला यायचे, मान वाकडी करून मला सुलट बघायचे. "वाळतंय का गं?" मागून बाईंचा आवाज यायचा, "कप ठेवा खाली!" मला खरं तर त्यांची दया यायची. पोरीसाठी काहीतरी करायची एकच संधी मिळाली होती, आणि ती त्यांनी कपाकपाने बुडवली होती.

नवव्या सकाळी बाईंनी मला बोट लावलं. मी कुरकुरलो. तक्रार म्हणून नव्हे, खराच वाळलो होतो म्हणून! काकांचे डोळे भरून आले.

"पुसा आधी ते," बाई म्हणाल्या, "नाहीतर तेही सांडाल त्याच्यावर."

मी निघालो. गळ्यात तीच चिठ्ठी, काकांनी स्वहस्ते पुन्हा दुरुस्त केलेली: "पाणी घालायचं नाही, विसरायचं."

लेक मोठी आज्ञाधारक. मला चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि दोन्ही सूचना पाळल्या. चार महिने माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. धूळ इतकी साचली की माझा निळा रंग मलाच आठवेना.

परवा संध्याकाळी काकांचा फोन आला.

"फूल कसं आहे?"

"कुठलं फूल, बाबा?"

"चिठ्ठीवालं!" मग ही चपलांशी आली. "अय्या! बाबा, चिठ्ठीतच लिहिलंय ना, विसरायचं!"

"अगं," काका म्हणाले, "चूक झाली. शब्द गळलाय एक. पेन घे. पाणी घालायचं नाही. नाही विसरायचं. दोन वेळा नाही."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "बाबा, नाही विसरणार." फोन ठेवून तिने माझ्यावरची धूळ फुंकली, तिला चार शिंका आल्या आणि मी पुन्हा निळा झालो.

तेव्हा मंडळी, तुमच्याही घरी कुणी वाळून बसलं असेल, तर पाणी नको. अधूनमधून एक फुंकर पुरे. जरा हळू घाला मात्र, माझ्या चार पाकळ्या त्या दिवशी चपलांत गेल्या.