कॉलरवालीचं ‘नको’

"अगं, हळू! रक्त काढतेयस की विहीर उपसतेयस?"

कॉलरवालीने असं काही म्हटलं की छोटी डॉक्टरीण एरवी खुदकन हसायची. आज नुसते ओठ हलले. तिने सुई काढली, कापूस दाबला आणि मान खाली घालून नळीला चिठ्ठी चिकटवत बसली.

कॉलरवाली शेजारच्या खाटेकडे वळली. "बघा, रोज येते हो ही. तुमचं काढतं का कुणी रोज रक्त? नाही ना? माझ्यावर जातीने लक्ष आहे हिचं!"

शर्टांच्या कारखान्यात तिचा उभा जन्म गेला आणि त्या जन्मात तिने फक्त कॉलरी शिवल्या. बाह्या दुसरीच्या, खिसे तिसरीचे. अख्खा शर्ट काही तिच्या हातून कधी बाहेर पडला नाही. नाव मागे पडलं आणि ‘कॉलरवाली’ चिकटलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, धाकट्या बहिणीचं मात्र तिने हौसेने लावून दिलं. वॉर्डात कुणी तिला ‘आजी’ म्हटलं की ही फणकारायचीच, "आजी कुणाची? नवऱ्याचा पत्ता नाही, नात काय आभाळातून पडली?" छोट्या डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हटलं आणि तिथेच बाई विरघळली.

न्यूमोनिया आता बरा झाला होता. ताप उतरला, खोकला गेला, दोन घास गोड लागायला लागले. घरी कधी सोडणार म्हणून विचारलं की छोटी डॉक्टरीण म्हणायची, "अजून थोडं रक्त बघायचंय, मावशी." शिकलेल्या माणसाचं ऐकावं, हे कॉलरवालीचं मत. फोरमनने थांब म्हटलं की थांबायचं, डॉक्टरने पड म्हटलं की पडायचं.

भेटायच्या वेळेला धाकटी आली. ती लेकाकडे परदेशी निघाली होती, कायमची. जाण्याआधी चार दिवस ताईजवळ काढावेत म्हणून आली, तर ताई इस्पितळात! बिचारी दिवसा स्टुलावर बसायची आणि रात्री ताईच्या रिकाम्या खोलीत एकटी झोपायची.

"ताई, उद्या संध्याकाळी माझं विमान आहे गं. एक रात्र तरी घरी चल. मी विचारू का त्यांना?"

"वेडी की काय! ती पोर माझ्यासाठी एवढी राबतेय आणि मी उठून चालू लागू?"

"मग आपण पुन्हा भेटायचं कधी?"

कॉलरवालीने बहिणीच्या केसांवरून हात फिरवला. "ये की मधूनमधून," ती म्हणाली. या वयात आणि तेवढ्या लांबून कसलं आलंय मधूनमधून! दोघींनाही ते कळत होतं. धाकटी खिडकीकडे तोंड करून नाक पुसत राहिली.

छोटी डॉक्टरीण पलीकडच्या खाटेशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. मग ती आली आणि कॉलरवालीच्या पायांशी खाटेवर बसली.

"मावशी, तुम्ही घरी जाऊ शकता. याआधीच जाऊ शकत होतात."

"आणि रक्त?"

"ते तुमच्यासाठी नव्हतं." छोटी डॉक्टरीण म्हणाली. "माझा अभ्यास आहे. न्यूमोनिया बरा होताना रक्तात काय काय बदलतं ते बघतेय मी, माझ्या पदवीसाठी. तुमच्या औषधांशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही आलात त्या दिवशी बाकीच्या सह्यांबरोबर मी त्याचीही सही घेतली. तुम्ही तापाने फणफणला होतात. खरं तर नीट समजावून, तुमची मर्जी विचारायची असते. पण जास्त सांगितलं की पेशंट बिथरतात, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मीही तेच केलं. चुकलं माझं."

धाकटी ताडकन उठली. "म्हणजे तुमच्या पदवीपायी माझ्या बहिणीला इथे डांबून ठेवलंत?"

"थांब गं तू," कॉलरवाली म्हणाली. राग तिलाही आला होता, पण त्याआधी लाज वाटली. शेजारणीपुढे काय काय मिरवलं होतं तिने!

"म्हणजे तू माझ्यासाठी येत नव्हतीस."

पोरगी म्हणाली, "तुमच्याशी बोलून बरं वाटायचं, मावशी. पण सुई नसती तर आले असते का? खरंच माहीत नाही."

"हे तरी खरं बोललीस."

"आधी घेतलेलं रक्त आहे. ते वापरू का? नाही म्हणालात तर टाकून देईन. तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही."

"तुझे सर ओरडतील?"

"ओरडतील. माझं मी बघेन."

पोरीचे डोळे भरले होते. कॉलरवालीचा जीव तुटला तिच्यासाठी, खोटं कशाला सांगा! ‘घे बाई, वापर’ हे शब्द अगदी जिभेवर आले. तिच्या जिभेवर जन्मभर तेच तर होतं. फोरमनला हो, आईबापांना हो, घरमालकाला हो. मर्जी कुणी विचारलीच नव्हती, तेव्हा आपल्याला ती आहे की नाही हे बघायची वेळही कधी आली नव्हती. तिने आपल्या टोचलेल्या हाताकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"बरं, मावशी."

"सगळं टाकून दे. आणि दुसऱ्या कुणाचं घेशील तर आधी सांग. शुद्धीत असताना सांग."

पोरीने मान हलवली आणि घरी सोडायच्या तयारीला लागली.

दिवेलागणीला दोघी बहिणी खोलीवर पोचल्या. धाकटीने खिडकी उघडली, पलंगावर धुतलेली चादर घातली. ताईचं स्वेटर उतरवताना तिला कोपराच्या आतली बाजू दिसली. काळीनिळी झाली होती. तिने पाणी तापवलं, फडकं पिळून हळूच त्यावर ठेवलं.

"दुखतं का गं, ताई?"

"दुखतं," कॉलरवाली म्हणाली. "खूप दुखतं गं." आणि लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली.

धाकटीने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"रड," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत आहे मी."