नत्थुजीचा एक मिनिटाचा व्हिडिओ

नत्थुजी शिकला चौथी, पन संत्र्याच्या झाडाले काय दुखते ते नुसतं खोड पाहून सांगे. चांदूर बाजारच्या बाजारात लोकं त्याले थांबवून विचारत. मंग त्याच्या सुनेनं, दामिनीनं, मोबाइल हाती घेतला अन् 'नत्थुजीचा बगीचा' नावाचं चॅनल काढलं. तीन वर्षांत सव्वादोन लाख लोकं जमले. आता बाजारात कोनी काही विचारत नव्हतं, फोटोच काढत. "मामाजी, जरा इकडं पाहा" असं दामिनी म्हने, अन् बुढा पाहे. खोटं काहून बोला, त्याले ते आवडे.

श्रावनात एका सकाळी अकोटाकडची एक बाई आली. शकुन नाव. तीन गाड्या बदलून आली होती. दोन एकराचा बगीचा ती एकटीच पाहे. ओसरीत बसली, पानी बी नाही पेली, अन् थैली उलटी केली. पानं अशी होती का जनू कोनी चुलीवर धरली. संगं हिरवी, लिंबाएवढी गळलेली संत्री.

"काकाजी, खोडातून डिंक गळून राहिला होता, त्या डिंक्यासाठी तुमचा व्हिडिओ पाहूनच फवारलं म्या. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पानी. पंपाचं नोझल चोंदून राहिलं होतं, तं लुगड्यानं गाळून घेतलं. माहंच काही चुकलं असन. आता काय टाकू सांगा."

नत्थुजीनं एक पान उचलून उलटंपालटं केलं. दहा लिटरातलं ते घट्ट औषध खोडाले ब्रशनं लावाचं असते. फवाराले तेवढ्यालेच शंभर लिटर पानी लागते. हे तं त्यानं सांगतलं होतं! त्यानं दामिनीले तो व्हिडिओ लावाले लावला. व्हिडिओत तो बादलीत काडी फिरवून राहिला होता. डिंक्या झाला का हे घ्या, एवढं घ्या, दहा लिटर पानी, बस. खोड नाही, ब्रश नाही. एका मिनिटात खतम.

"मामाजी," दामिनीचं तोंड उतरलं, "मोठा व्हिडिओ कोनी पाहत नाही जी. एका मिनिटात बसवाले म्या मांगचं कापलं. मले वाटलं, लोकायले ठाव असते."

दामिनीच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, बापाले गोठ्याकडं नेलं.

"बाबा, ती स्वतःच म्हनून राहिली का माहं चुकलं. चहा पाजा अन् गाडीवर बसवून द्या. रविवारी ठिबकवाले येऊन राहिले जाहिरातीचं पक्कं कराले. आताच अंगावर घ्याची काय गरज हाय?"

"अन् तिचा बगीचा?"

"आपून काय तिच्या पंपात औषध भराले गेलतो?"

नत्थुजी परत येऊन बसला. चहा आला. अन् खरं सांगतो, त्यानं विचारलंच, "चुना कुठचा होता, बाई?"

"दुकानातलाच जी. पन जुना असन. म्या पाहूनच नाही घेतला." शकुननं हात जोडले. "तुमाले उगीच तरास."

ते जोडलेले हात त्याले पाहवले नाही.

"चुना चांगला होता, बाई. सांगनारा चुकला."

शकुननं हात खाली घेतले. शिवी देली असती तं बरं वाटलं असतं त्याले. ती एवढंच म्हने, "म्या तं गल्लीतल्या साऱ्यायले पाठवला हो तो व्हिडिओ."

दामिनीनं जुना व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला. नत्थुजीनं नवा केला, चार मिनिटांचा, चूक कबूल करून. संध्याकाळवरी तीनशे लोकायनं पाहिला. जुना मात्र दुसऱ्यायनं उचलून आपापल्या चॅनलवर टाकला होता, खाली गानं लावून. एकाच ठिकानी सहा लाख.

"हा काढ ना मंग."

"तो आपल्या हातात नाही, मामाजी."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी शकुनच्या गावी गेला, झाडं वाचतात का पाहाले. बगीच्यात पाय ठेवला तं पान वाजे पायाखाली. अन् धुऱ्यापलीकडं, बांधाच्या त्या अंगाले, शकुनचा शेजारी धर्मेंद्र ड्रममधलं निळं पानी ढवळून राहिला होता. पंप बाजूलेच. मोबाइल दगडाले टेकवलेला, अन् त्यात नत्थुजीच बोलून राहिला होता.

"अवो, नत्थुजी आले!" धर्मेंद्रची बायको गीतांजली खुशीनं वरडली अन् तिनं आपला मोबाइल काढला.

"भाऊ, थांब. हे फवारू नको," नत्थुजी म्हने. "हे खोडाचं औषध हाय. शकुनचं पाह्य ना कसं झालं."

"तिनं उन्हात फवारलं असन. तुमीच तं सांगतलं, दहा लिटर."

"चुकीचं गेलं ते. काल नवा टाकला म्या."

"आता कोनता खरा मानू?" धर्मेंद्र हासला. "कालचे नत्थुजी का आजचे? उद्या तिसरं सांगसान. सहा लाख लोकं येडे हायत का?" अन् त्यानं पंपाचं झाकन उघडलं.

नत्थुजीनं मांगंपुढं पाहिलं नाही. धुरा वलांडला अन् ड्रमले लाथ मारली. सारं निळं पानी काळ्या मातीत पसरलं.

"अबे बुढ्या! तुह्या बापाचं होतं काय ते?" धर्मेंद्र अंगावर धावला. शकुन मधात पडली.

नत्थुजी धापा टाकत गीतांजलीकडं वळला. "घे बाई, चांगलं घे." अन् तो बोलला, सारं बोलला. खोडाले किती, फवाराले किती, चूक कोनाची, झाडं कोनाची जळली. लय वेळ बोलला. धर्मेंद्रनं बी पंपाचं झाकन लावून टाकलं.

"आलं ना सारं?"

गीतांजली चाचरली. "नाही जी. ड्रम सांडला तवाच बंद केलं म्या. तेवढं पाठवलं बी गुरूपवर."

नत्थुजीनं निळ्या चिखलात भरलेली चप्पल काढून बाजूले ठेवली. शकुनच्या एका जळक्या झाडापाशी गेला अन् खोडावर हात ठेवला.

"पुन्हा चालू कर, बाई."

तिनं मोबाइल वर धरला.

"हे खोड," नत्थुजी म्हने.